नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय? फी भरण्याआधी इंदूरच्या नव्या नर्सेसनी काय बघावं

बीएस्सी नर्सिंगचा शेवटचा निकाल लागला की घरोघरी सल्ले सुरू होतात. बाबा म्हणतात, सरकारी फॉर्म भर. मावशीच्या ओळखीतली कुणीतरी दुबईला असते, तिचा नंबर येतो. कॉलेजच्या मॅडम म्हणतात, एमएस्सी कर, निदान ट्यूटर तरी होशील. गेल्या काही वर्षांत यात आणखी एका नावाची भर पडली आहे: नर्स प्रॅक्टिशनर. इंदूरमध्ये आमच्या आयसीयूत नव्याने लागलेल्या मुली आणि मुलं ड्यूटी संपल्यावर चहाला थांबतात, तेव्हा निम्म्या गप्पा याच विषयावर होतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. आधी पेशंट निवडा, मग कोर्स. तुम्हाला व्हेंटिलेटरवरचा पेशंट हवा, की लेबर रूममधली बाई, की गावातल्या केंद्रावर बीपीची गोळी न्यायला येणारे काका, हे ठरल्याशिवाय कोणत्याही प्रमाणपत्रावर पैसे घालू नका. ते ठरलं की दुसरा प्रश्न विचारा: या कागदावर मला पद कोण देणार? ज्यांनी हे दोन प्रश्न टाळले, त्यांची उमेदीची वर्षं आणि घरच्यांचे पैसे अडकलेले मी पाहिले आहेत. म्हणून जरा कळकळीने लिहिते आहे.

भारतात नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नेमकं कोण

अमेरिकेत हे पद 1965 पासून आहे. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तिथली नर्स प्रॅक्टिशनर पेशंट तपासते, निदान करते, औषध लिहून देते. मोबाइलवर आपल्याला दिसतात ते बहुतेक व्हिडिओ तिथले असतात, आणि मुलांचा गोंधळ होतो तो त्यामुळेच.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने, म्हणजे आयएनसीने, 2016-17 च्या सुमारास नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर रेसिडेन्सी कोर्स आणला. सगळे त्याला एनपीसीसी म्हणतात. त्यासाठी बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, शक्यतो क्रिटिकल केअरमधला. एमएस्सीत वर्ग, सेमिनार आणि प्रबंध यांचं वजन मोठं असतं. एनपीसीसीत बराचसा वेळ आयसीयूतच जातो, डॉक्टर आणि सीनियर नर्स अशा दोन्ही मार्गदर्शकांच्या हाताखाली.

अधिकाराचं काय? आयएनसीच्या अभ्यासक्रमात स्पष्ट लिहिलं आहे की ही नर्स संस्थेच्या प्रोटोकॉलनुसार औषधं देऊ शकते, तपासण्या आणि उपचार सांगू शकते. ‘संस्थेच्या प्रोटोकॉलनुसार’ हे शब्द नीट वाचा. म्हणजे तुमच्या हॉस्पिटलने लेखी प्रोटोकॉल केला असेल, त्यावर सह्या असतील, तर तुमच्या हातात काम आहे. प्रोटोकॉल नसेल तर पदवी भिंतीवर राहते आणि तुम्ही पूर्वीसारखीच स्टाफ नर्सची ड्यूटी करता. स्वतःच्या नावाने प्रिस्क्रिप्शन लिहिणारा दवाखाना या पदवीवर उघडता येत नाही. तसं कुणी सांगून प्रवेश देत असेल तर तिथून उठा.

दुसरी वाट मिडवायफरीची. केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवायफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यात नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी हा 18 महिन्यांचा कोर्स आहे आणि नैसर्गिक प्रसूती मिडवाइफने सांभाळण्यासाठी वेगळे कक्ष उभारायची योजना आहे. यात मुख्यतः सरकारी सेवेतल्या, प्रसूतीचा हात असलेल्या नर्सेसना घेतात. त्यामुळे कॉलेजमधून थेट तिकडे जाण्यापेक्षा आधी लेबर रूमची नोकरी, हा क्रम खरा.

पहिली पायरी: कागद

कंटाळवाणी आहे, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं लटकतं.

निकाल हातात आला की भोपाळच्या मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदणीसाठी अर्ज करा. ‘नोकरी लागली की बघू’ म्हणू नका. नोंदणीशिवाय चांगलं हॉस्पिटल घेत नाही, आणि जे घेतं ते कमी पगारात राबवून घेतं. राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी क्रमांकही काढून घ्या. बाहेरच्या राज्यात जाताना तो फार उपयोगी पडतो.

मग नावाची जुळवाजुळव. आपल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर स्वतःचं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव, डिग्रीवर हिंदी टायपिंगमधून आलेलं वेगळंच स्पेलिंग, आणि लग्नानंतर सासरचं आडनाव. ‘ळ’ असलेल्या आडनावांचं तर विचारूच नका. गोखले सुटतात, पण पिंगळे कधी ‘ले’ तर कधी ‘डे’ होऊन बसतात. परदेशी पडताळणी करणाऱ्या संस्था एका अक्षरासाठी फाइल परत पाठवतात. सगळे कागद टेबलावर मांडा आणि दहावीच्या गुणपत्रिकेशी एकेक ताडून बघा. जिथे फरक आहे तिथे आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या. लग्न ठरलं असेल तर पासपोर्ट आणि रजिस्ट्रेशन कोणत्या नावाने ठेवायचं हे दोन्ही घरांत बसून आधी ठरवा.

मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही हॉस्पिटलकडे ‘जमा’ ठेवू नका. दाखवा, पडताळणी करू द्या, झेरॉक्स द्या. मूळ कागद अडकवून नर्सला बांधून ठेवायची जुनी खोड अजून काही ठिकाणी आहे, आणि बाँडच्या या पद्धतीला आयएनसीनेही विरोध केलेला आहे. ‘सगळेच देतात’ असं एचआरवाले म्हणाले तरी नम्रपणे नाही म्हणा.

आणि एक फाइल आजपासून सुरू करा. कार्यशाळा, सीएनई (नोकरीत असतानाचं सततचं नर्सिंग शिक्षण), बीएलएस (जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण), जे काही कराल त्याचं प्रमाणपत्र त्यात ठेवा. रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाच्या वेळी शोधाशोध होत नाही.

दुसरी पायरी: एक वर्ष बेडजवळ

एनपीसीसीसाठी एका वर्षाचा अनुभव मागतात, आणि मला ती अट फार योग्य वाटते. मी तर म्हणेन दोन वर्षं करा.

कारण सांगते. मागे आमच्याकडे बुरहानपूरच्या एक आजी होत्या, मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनने दाखल झालेल्या. रात्रीची ड्यूटी. मॉनिटरवर ऑक्सिजन 95, बीपी ठीक, अलार्म शांत. एनपीसीसीच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हँडओव्हर घेऊन आजींच्या उशाशी गेली आणि घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मॉनिटरवरचा आकडा सोडून हाताने. 28 भरले. आधीच्या चार्टवर प्रत्येक वेळी 18 लिहिलेलं. मग तिने खाली वाकून युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी बघितली, दर तासाचं प्रमाण काढलं, ते निम्म्यावर आलं होतं. आजींना मराठीत विचारलं, “आजी, श्वास घ्यायला जड जातंय का?” आजी म्हणाल्या, “संध्याकाळपासूनच गं बाई. पण सांगू कुणाला, सगळे हिंदीत बोलतात.” तिने प्रोटोकॉलप्रमाणे एबीजी आणि लॅक्टेट या रक्ताच्या तपासण्या पाठवल्या, ड्यूटीवरच्या रजिस्ट्रार डॉक्टरांना फोन करून चार वाक्यांत परिस्थिती सांगितली: पेशंट कोण, कशासाठी दाखल, आता काय बदललं, मला काय हवं आहे. बीपी पडायच्या आधी सेप्सिसचे, म्हणजे शरीरभर पसरणाऱ्या इन्फेक्शनच्या गंभीर अवस्थेचे, उपचार सुरू झाले.

श्वासाचा वेग हा बिघाडाचा अगदी सुरुवातीचा संकेत असतो आणि नेमका तोच सगळ्यात निष्काळजीपणे लिहिला जातो. हे पुस्तकात आहे. पण पुस्तकातलं वाक्य हातात उतरायला बेडजवळचे महिने लागतात. त्या मुलीने कोर्सला येण्याआधी मेडिसिन वॉर्डात आणि आयसीयूत मनापासून काम केलं होतं, म्हणून कोर्सने तिला पुढे नेलं. कोऱ्या हातांनी गेलेल्यांना पहिले सहा महिने इन्फ्युजन पंप आणि व्हेंटची भीती घालवण्यातच जातात.

तेव्हा या वर्षात स्वतःकडे बारकाईने बघा. कोणत्या ड्यूटीनंतर दमूनसुद्धा बरं वाटतं? क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची गाडी, पळवत नेताना डोकं थंड राहतं की हात थरथरतात? दोन्ही चालतं, पण दोघांसाठी जागा वेगळ्या आहेत. ज्यांना एकाच पेशंटचा बारीकसारीक हिशेब ठेवायला आवडतो त्यांना आयसीयू मानवतो. ज्यांना माणसं महिनोन्‌महिने ओळखीची हवीत, त्यांचा जीव तिथे घुसमटतो. डायलिसिस, कॅन्सर, समुदाय आरोग्य ही त्यांची घरं.

जमलं तर इन्चार्ज सिस्टरांना विनंती करून वेगवेगळ्या वॉर्डात ड्यूटी मागून घ्या. इंदूरचा फायदा असा की एम.वाय.सारखं प्रचंड सरकारी रुग्णालय इथे आहे, तसंच चोइथराम, बॉम्बे हॉस्पिटल, अरबिंदो अशी मोठी खासगी रुग्णालयंही आहेत. खंडवा, बुरहानपूर, खरगोन, धार, झाबुआ, सगळीकडचे पेशंट इथे येतात. निमाडी, माळवी, भिली, मराठी असं सगळं कानावर पडतं. इतक्या तऱ्हेचे आजार आणि इतक्या तऱ्हेची माणसं एका शहरात बघायला मिळणं हे नव्या नर्सचं भाग्य आहे. घरी राहून, आईच्या हातचा डबा नेऊन हे वर्ष काढता येत असेल तर घाईने बाहेर पळू नका.

तिसरी पायरी: कोणतं प्रमाणपत्र, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी बीएलएस आणि त्याच्या पुढची पायरी असलेलं एसीएलएस. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मान्यताप्राप्त केंद्रावर करा. कार्ड दोन वर्षं चालतं आणि ऑनलाइन तपासता येतं. पुतळ्यावर प्रत्यक्ष छाती दाबल्याशिवाय, फक्त व्हिडिओ बघून मिळणारी स्वस्त ‘सर्टिफिकेट्स’ मुलाखतीत कुणी विचारत नाही आणि कार्डिॲक अरेस्टमध्ये तर ती काहीच कामाची नाहीत.

मग एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा: क्रिटिकल केअर, इमर्जन्सी, ऑन्कॉलॉजी, नवजात शिशू, नेफ्रॉलॉजी, ऑपरेशन रूम, मानसोपचार, असे बरेच आहेत. लोक यांना कमी लेखतात. मला वाटतं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेल्या आणि लवकर कमाई सुरू करायची असलेल्या मुलींसाठी हा उत्तम मार्ग आहे. विशिष्ट विभागात पाय रोवता येतो आणि घरावर भार कमी.

एमएस्सी की एनपीसीसी, हा मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. शिकवायचं असेल, कॉलेजात जायचं असेल, पुढे पीएचडी मनात असेल तर एमएस्सी घ्या. प्राध्यापकपदाच्या जाहिराती एमएस्सीचं नाव घेऊन निघतात. एनपीसीसी एमएस्सीच्या बरोबरीची धरली आहे का, हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं वाचावं लागतं. आयुष्यभर पेशंटजवळच राहायचं असेल, आणि तुमच्या मनातल्या हॉस्पिटलला अशी नर्स खरोखर हवी असेल, तर एनपीसीसी. या ‘आणि’नंतरच्या भागाकडे दुर्लक्ष करू नका. सरकारी सेवेत नर्स प्रॅक्टिशनरचा स्वतंत्र संवर्ग सगळीकडे तयार झालेला नाही. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोग कायद्याने 1947 च्या जुन्या कायद्याची जागा घ्यायची आहे, त्यातून पुढे चित्र बदलू शकेल. पण आपल्याला फी आज भरायची आहे. म्हणून प्रवेशाआधी तीन ठिकाणी लेखी ईमेल टाका: जिथे शिकणार ते कॉलेज, आणि जिथे नोकरी करायची इच्छा आहे अशी दोन हॉस्पिटलं. विचारा: तुमच्याकडे नर्स प्रॅक्टिशनर असं पद आहे का? पगार स्टाफ नर्सपेक्षा वेगळा आहे का? कामाचा लेखी प्रोटोकॉल आहे का? मागच्या बॅचच्या मुली आज कुठे आहेत? उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा.

चौथी पायरी: कॉलेज तपासा, मध्य प्रदेशात तर दोनदा

हे लिहिताना वाईट वाटतं. आपल्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर कॉलेज, प्रत्यक्षात ना पुरेशा खाटांचं हॉस्पिटल ना शिक्षक, अशा तक्रारींवर उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशी लावली. मे 2024 मध्ये तर तपास करणाऱ्या सीबीआय अधिकाऱ्यांनाच लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि कॉलेजांची पुन्हा तपासणी करावी लागली. या सगळ्यात परीक्षा रखडल्या आणि प्रामाणिकपणे शिकणाऱ्या मुलींची वर्षं गेली. त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

म्हणून ज्या वर्षी प्रवेश घेणार त्याच वर्षाची मान्यता बघा. मागच्या वर्षाची चालत नाही. राज्याच्या कौन्सिलची यादी, आयएनसीची यादी आणि विद्यापीठाची संलग्नता, तिन्ही ठिकाणी कॉलेजचं नाव आणि त्या विशिष्ट कोर्सचं नाव असलं पाहिजे. एखाद्या कॉलेजला बीएस्सीची मान्यता असते आणि पदव्युत्तर कोर्सची नसते. एजंट हे सांगत नाही.

मग एक दिवस काढून स्वतः जा. शक्यतो दुपारी, सांगून न जाता. त्यांच्या हॉस्पिटलच्या आयसीयूसमोर बसा. पेशंटचे नातेवाईक बाहेर बसलेले दिसतात का? शिफ्ट बदलताना किती नर्सेस आत जातात? कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, बघायला मागा. भरलेलं, सह्या केलेलं लॉगबुक दिसलं की निम्मी शंका मिटते. फीची पावती मिळत नसेल, रोख मागत असतील, ‘हजेरीचं आम्ही बघू’ म्हणत असतील, तर कितीही जवळच्या ओळखीतून आला असाल तरी परत फिरा.

पाचवी पायरी: नोकरीचे रस्ते

सरकारी नोकरीत आजच्या घडीला सर्वांत खुला दरवाजा म्हणजे एम्सची नॉर्सेट परीक्षा. देशातल्या सगळ्या एम्ससाठी नर्सिंग ऑफिसरची ही सामाईक परीक्षा, पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पद लेव्हल 7 चं, मूळ वेतन 44,900 रुपये. एम्स भोपाळ आपल्याला जवळचं. बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना किमान 50 खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे जीएनएम केलेल्यांनी अनुभवपत्रावर खाटांची संख्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विभाग, सगळं लिहून घ्या. नोकरी सोडतानाच घ्या, नंतर फेऱ्या मारायला लागतात. मुलांनी लक्षात ठेवा, एम्समध्ये 80 टक्के जागा महिलांसाठी आणि 20 टक्के पुरुषांसाठी असतात, म्हणून तुमची तयारी त्या मानाने कडक हवी. राज्याच्या भरतीसाठी कर्मचारी निवड मंडळाच्या जाहिरातींवर नजर असू द्या. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) आणि रेल्वेच्या जागाही सोडू नका.

ज्यांना नर्स प्रॅक्टिशनरचं खरं काम, म्हणजे तपासणं, ठरवणं, पाठपुरावा करणं आवडतं, पण आयसीयू नको आहे, त्यांनी सीएचओ या पदाकडे आदराने बघावं. आयुष्मान आरोग्य मंदिरात कम्युनिटी हेल्थ ऑफिसर म्हणून बीपी, शुगर, कॅन्सरची प्राथमिक तपासणी, गरोदर बायांची काळजी, ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्ला, हे सगळं तुम्ही चालवता. नव्या बीएस्सीत हा अभ्यास जोडलेला आहे, जुन्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र कोर्स करावा लागतो. नोकरी कंत्राटी आहे आणि गाव लांबचं मिळू शकतं, हे खरं. पण धार किंवा बडवानीच्या एखाद्या गावात बीपीचा पेशंट तुमच्यामुळे लकवा होण्यापासून वाचतो, तेव्हा तुमच्या निर्णयाचं मोल समोर दिसतं.

इंदूरमध्ये आणखी एक काम वाढतं आहे ज्याचं नाव कॉलेजात कुणी घेत नाही: ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. 2015 पासून या शहरात अवयवदानासाठी ग्रीन कॉरिडॉर होत आले आहेत. सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स जाते ती सगळ्यांना दिसते. त्याआधी आयसीयूबाहेर एका कोसळलेल्या कुटुंबाशी कुणीतरी शांतपणे बोललेलं असतं. अवयव प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांत या पदासाठी नर्स पात्र धरली आहे. ज्यांना माणसांशी बोलता येतं, रडणाऱ्या माणसासमोर थांबता येतं, त्यांनी हे जरूर मनात घ्यावं. इन्फेक्शन कंट्रोल नर्स हेही तसंच एक चांगलं पद आहे.

खासगी हॉस्पिटलात पगाराची बोलणी करताना एक गोष्ट माहीत असू द्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी नर्सेसच्या पगाराबद्दल शिफारशी केल्या: 200 पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात राज्य सरकारच्या नर्सइतका पगार, 100 ते 200 खाटांत फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 मध्ये फार तर 25 टक्के कमी, आणि त्याहून लहान हॉस्पिटलातही 20,000 च्या खाली नाही. प्रत्यक्षात हे सगळीकडे मिळत नाही, शिफारस ही शिफारसच राहते. तरी टेबलाच्या अलीकडे बसलेल्याला हे आकडे पाठ असले की बोलण्यात फरक पडतो.

महाराष्ट्रात सासर, किंवा परदेशाचा विचार

आपल्या अनेक मुली पुण्या-नाशिकला सासरी जातात. मध्य प्रदेशाच्या नोंदणीवर तिथे कायमची नोकरी करता येत नाही. इथल्या कौन्सिलकडून एनओसी आणि पडताळणी घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. लग्नाची तारीख ठरली की हॉलच्या बुकिंगसोबत हा अर्जही घाला, कारण वेळ लागतो. तिथल्या सरकारी जाहिरातींत हे पद ‘अधिपरिचारिका’ या नावाने येतं. अधिवासाची अट आधी वाचा. मराठी लिहिता-वाचता येणं ही तिथे तुमची जमेची बाजू. घरात मराठी बोलतो पण लिहिताना हिंदीकडे वळतो, अशी आपल्याकडे बऱ्याच जणांची गत आहे. त्यावर महिनाभर मेहनत घ्या.

आखाती देशांसाठी संबंधित प्राधिकरणाची परीक्षा आणि डेटाफ्लोची कागद पडताळणी, ब्रिटनसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीसाठी भाषा, साधारण बी-टूपर्यंत. नर्सकडून ‘प्लेसमेंट फी’ म्हणून लाखभर मागणाऱ्या एजंटला मुळीच पैसे देऊ नका.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं स्वप्न असेल तर क्रम समजून घ्या, कारण इथली एनपीसीसी तिथे थेट चालत नाही. आधी एनक्लेक्स-आरएन ही तिथल्या नर्सची लायसन्स परीक्षा आणि व्हिसा, तिथे नर्स म्हणून काम, मग तिथली मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा, शेवटी त्या राज्याचं लायसन्स. प्रमाणपत्र पेशंटच्या गटाप्रमाणे असतं: फॅमिली, प्रौढ आणि वृद्ध, बालरोग, नवजात, स्त्री-आरोग्य, मानसोपचार. फॅमिली घेऊन आयसीयूत नोकरी मागायला गेलात तर अडचण होते, कारण तीव्र आजाराचा मार्ग वेगळा आहे. म्हणजे पेशंट आधी, हा नियम तिथे कागदोपत्रीच आहे. फॅमिलीसाठी दोन मंडळं परीक्षा घेतात. एएएनपीसीबीची परीक्षा 150 प्रश्नांची, जवळजवळ पूर्ण क्लिनिकल. एएनसीसीच्या 175 प्रश्नांत संशोधन, धोरण आणि व्यावसायिक भूमिकाही येते. दोन्ही प्रमाणपत्रं पाच वर्षं चालतात. नोकरी देणाऱ्यांच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी दोन्ही सारखीच. क्लिनिकल प्रश्न चांगले येणाऱ्यांनी पहिली घ्यावी, तिथे पुढे शिकवायचं असणाऱ्यांना दुसरीचा अभ्यास उपयोगी पडतो. राज्य निवडताना बघा की तिथे नर्स प्रॅक्टिशनरला स्वतंत्रपणे काम करता येतं की डॉक्टरशी करार लागतो. पहिल्या नोकरीच्या करारात चुकीच्या उपचाराच्या दाव्यांचा विमा नोकरी सोडल्यानंतरच्या दाव्यांनाही लागू राहतो का, आणि तो खर्च कोण करणार, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

मुलाखतीला जाताना

तिथे प्रश्न फक्त त्यांनीच विचारायचे असं नाही. विचारा: रात्री आयसीयूत एका सिस्टरकडे व्हेंटवरचे किती पेशंट असतात? नियमाने एकाला एक. दोन म्हणाले तर विचार करा, तीन म्हणाले तर नको म्हणा. नव्या माणसाला स्वतंत्र पेशंट देण्याआधी किती आठवडे सीनियरसोबत ठेवता? औषधाची चूक कळवली तर पुढे काय होतं, पगार कापतात की कारण शोधतात? रात्री सुटल्यावर घरी जायला गाडी आहे का? सुदामा नगरला राहणारीला विजय नगरवरून रात्री दहाला एकटीने जायचं असतं, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आणि शक्य असेल तर ऑफर लेटर हातात घेण्याआधी त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरांना पाच मिनिटं भेटायची परवानगी मागा. त्या तुमच्याशी बोलताना त्यांच्या स्टाफच्या मुली मोकळेपणाने मध्ये येऊन काही विचारतात का, ते बघा.